परिवादात न बसलेलं

इंदरगंजात, कचेरीसमोरच्या फुटपाथवर
एकतीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी टाइप करतो,
आधी रेमिंग्टनवर, आता कृतिदेवात.
फ्रिज गार होत नाही, कूलरची मोटर जळाली,
विमा कंपनी म्हशीचा मृत्यू मानत नाही.
प्रत्येकाला सांगतो: रडू नका, तारीख सांगा.

आज परिवादी मीच.
मुकुंद आत्मज गजानन ढवळे, आयु ६३ वर्ष,
निवासी दौलतगंज, लश्कर.
हिंदीत ळ कुणाला लागत नाही.
फॉन्टात असतो, पण महिनोन्‌महिने नुसता बसून.
माझं आडनाव आलं की उठतो.

तारीख सांगतो.
फोन घेतला बारा हप्त्यांत, सतरा हजार चारशे नव्व्याण्णव.
शेवटचा हप्ता पाच मेला गेला.
वॉरंटी नऊ मेला.
वीस मेला, भर दुपारी, बाहेर त्रेचाळीस डिग्री,
फोन चार्जरला नसताना, कुणी हात लावला नसताना
त्यावर एक हिरवी रेघ आली, उभी,
वहीच्या समासासारखी सरळ.
मग समासाच्या दोन्ही बाजूंचं सगळं गेलं.

आत चारशे पक्षकारांचे नंबर होते.
ते ‘आर्थिक क्षति’ या कलमात बसतात.
आणि दर महिन्याच्या एक तारखेला
लाइटच्या मीटरचा काढलेला फोटो,
कारण बिलवाल्यांवर माझा विश्वास नाही.
तो कुठल्याच कलमात बसत नाही.

बायको काही बोलली नाही.
तिचा बटणांचा, आठ वर्षांचा,
कणकेच्या डब्यात दोनदा पडलेला
नेमका तेव्हाच वाजला.
तिने तो जरा जास्तच वेळ वाजू दिला.

सर्व्हिस सेंटरात एसी, टोकन, काचेचं टेबल.
निहाल कुशवाह, गळ्यात पट्टा, असेल बावीसचा.
“अंकल, वॉरंटी के बाहर है. ग्यारह दिन.”
मदरबोर्डचे अकरा हजार.
म्हणजे दिवसाला हजार, मी हिशेब केला.
म्हटलं, अकरा दिवसांपूर्वी हा दुसरा फोन होता का?
बिघाड काय कॅलेंडर बघून आत शिरतो?

तो हसला नाही.
मॅनेजरच्या काचेकडे एकदा पाहिलं
आणि काहीतरी लिहितोय असं दाखवत
मान खाली घालून म्हणाला,
“जनवरी में आए थे ना आप, गरम होने का?
जॉबशीट रखी है?”

होती. चष्म्याच्या घरात, चौपदरी.
अठरा जानेवारी. वॉरंटीच्या पोटातली.
त्याच्याच अक्षरात: ‘हीटिंग पाया गया. अपडेट करके वापस.’
पाया गया.
एवढे वजनदार दोन शब्द
मी कुणाच्या कागदात पाहिले नव्हते.
दुखणं मुदतीतलं, मरण तेवढं मुदतीबाहेर.
कागदावर हेच सिद्ध करायचं असतं,
आणि दोन वर्षांच्या आत करायचं असतं,
पाच लाखांपर्यंत त्याला फीसुद्धा नाही.
हे लोकांना सांगून मी पानाला पन्नास रुपये घेतो.

तिसऱ्या कलमापर्यंत हात भरभर चालला.
चौथ्यात लिहिलं:
‘अनावेदक के कर्मचारी निहाल कुशवाह ने स्वयं’
आणि थांबलो.
ती काच आठवली. काचेमागचा माणूस.
गळ्यातला पट्टा काढून घ्यायला
कुठली मुदत संपावी लागत नाही.

नाव खोडलं. ‘कर्मचारी’ एवढंच ठेवलं.

पण जॉबशीटवर सही त्याची आहेच,
वरच्या डाव्या कोपऱ्यात, शाळकरी, पूर्ण नावाची.
झेरॉक्सवाल्याने विचारलं, फिकट काढू?
म्हटलं, नको. अक्षर वाचता आलं पाहिजे.

तिन्ही प्रती लावल्या, कडा ठोकून सारख्या केल्या.
पिन कोपऱ्यातच मारतात.
मी मारली, थोडी आत, तिरपी,
नावावरून.