हिशेबातली चूक

मिरजेच्या दवाखान्यात मी बिलं करतो.
गोव्याहून रात्रीच्या गाडीनं हासानंदकाका उतरतात.
पोकरचे चषक कुठं ठेवतात, ठाऊक नाही;
पैसे मात्र कापडी पिशवीत, बटाट्यांसारखे.
"कुणाचं अडकलंय?"

सक्करहून आले तेव्हा नऊ वर्षांचे.
फलाटावर पापड विकले,
हमालांकडून पत्ते शिकले.
म्हणतात, हातात काही नसलं
तरी तोंडावर दिसू द्यायचं नाही,
हे मात्र छावणीतच शिकलो.

पावतीवर नाव नको.

आज कवठ्याची एक बाई
डायलिसिसचे पैसे मोजत उभी,
नोटा घामानं ओल्या.
मी कागदावरून नजर न उचलता म्हणालो,
"मावशी, हिशेबात चूक होती.
तुमच्याकडं काही निघत नाही."

खांबाआड काका, डाव बघत.
पापणी हलली नाही.