आकडा

कुताइसीत फेब्रुवारी. शेगडी एकच,
ती आईच्या खोलीत.
मी स्वयंपाकघरात, पायांवर शाल,
पुढ्यात लॅपटॉप आणि एक अर्धवट वाक्य:
'या कामाचे एकूण'

नऊशे लारी लिहिले.
फार झाले. पुसले.
सातशे लिहिताना बोंडोचा चेहरा आठवला,
त्स्काल्तुबोच्या वाटेवरचं त्याचं अतिथीगृह,
पाच खोल्या, त्यातल्या दोनांना अजून खिडक्या नाहीत.
मग साडेचारशे लिहिले
आणि मला लाज वाटेनाशी झाली.
एवढ्यावरूनच ओळखायला हवं होतं.

हिशेब केला नव्हता असं नाही.
वहीच्या मागच्या पानावर भाडं, वीज, इंटरनेट,
लॅपटॉपचे उरलेले सात हप्ते.
पण हिरव्याच्या दोन छटांमध्ये
एक अख्खी दुपार गेली,
ती कुठल्या रकान्यात मांडू?
आणि रात्री दोनला अंथरुणातच उमगलं
की बटण डावीकडे हवं,
त्या जागं होण्याचे किती?

खाली वालिकोचं चपला-बुटांचं दुकान.
दारावर पुठ्ठा, खडूनं लिहिलेला:
टाच आठ. तळ पंचवीस.
घाई असेल तर दीडपट.
नातेवाईक असाल तर आधी सांगू नका.
विचारलं त्याला, हे ठरवलंस कसं?
तोंडातले खिळे काढून म्हणाला,
पहिल्या वर्षी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून सांगायचो.
आता बुटाकडे बघतो.

बोंडोला साडेचारशेच सांगितले.
तो लगेच 'हो' म्हणाला.
घासाघीस नाही, भुवईसुद्धा हलली नाही.
इतक्या चटकन मिळालेला होकार
पोटात खड्डा पाडून गेला.

मग सुरू झालं 'एवढंसंच'.
एवढंसंच, फोटो जरा उजळ कर.
एवढंसंच, पोलिश पाहुण्यांसाठी पोलिशमध्येही टाक.
एवढंसंच, मेहुण्याच्या मधमाश्यांचं एक पान.
मधमाश्यांचं पान छान झालं, खोटं कशाला बोलू.
एप्रिलमध्ये तीनशे लारी आले.
उरलेल्या दीडशेची
पाच लिटर लाल वाइन तो स्वतः घेऊन आला,
प्लास्टिकच्या कॅनमध्ये, वर दोन्ही गालांचे मुके.
आई म्हणाली, माणूस चांगला आहे.
आहेच. तेच तर अवघड.
भाड्यापोटी ती वाइन घरमालकाला दिली असती,
पण त्याची स्वतःची द्राक्षं आहेत.

आज नाइराचा फोन. दातांची डॉक्टर.
आ करून पडलेल्या माणसाला
किंमत सांगायची जन्माची सवय तिला.
नमस्कार-चमत्कार नाहीत. किती?
आकडा घशाशी आला.
आकडाच तो, वर येताना अडकायचाच,
कुठल्याही माशाला विचारा.
एरवी मी त्याला मागे शेपूट लावते:
कमी-जास्त करू आपण,
तुम्हीच बघा काय ते,
मी अजून नवीन आहे हो.
आज शेपूट गिळलं.
अठराशे, म्हटलं.
आणि थांबले.

पलीकडे काहीच नाही.
खाली वालिकोची हातोडी. एक खिळा. दुसरा.
चहाचं पाणी उकळून आटायला लागलेलं,
पण गॅस बंद करायला उठले तर
खुर्ची करकरेल,
आणि खुर्चीच्या त्या आवाजातसुद्धा
तिला दोनशेची सूट ऐकू येईल.

तिसरा.

'अठराशे,' नाइरा म्हणाली.
विचारत नव्हती,
जिभेनं दाढ चाचपावी तशी
त्या शब्दावरून फिरत होती.

मी खालचा ओठ दातांखाली धरला.
पातेल्याचा तळ तडतडला.
चौथा खिळा वाकडा गेला असावा,
वालिको कुणाला तरी शिवी देत होता.