अंगठा शेवटी विणतात

टार्मो म्हणाला, बहात्तर सेकंद आहेत तुझ्याकडे.
आधी धुकं दे, आखातावरचं,
मग नकाशा, नकाशावर लाल दोरा, टाचण्या,
पाण्यात पसरत जाणारी शाई,
आणि अक्षरं जरा थरथरती ठेव.
मी मान डोलावली. आठ वर्षं मान डोलावूनच
टालिनमधल्या या खोलीचं भाडं भरते मी.

खोलीत दोन दिवे. छताला उलटा टांगलेला कॅमेरा.
टेबलावर पोलिसांच्या खोक्यातल्या वस्तूंचे फोटो:
मासळीच्या कारखान्याचं ओळखपत्र,
बसचं तिकीट, छिद्र न पाडलेलं,
हातमोजे, बोटांना एकच कप्पा असलेले.
एक पुरा. दुसरा बिनअंगठ्याचा.

हेल्यु काल्दा, वय चोवीस, नोव्हेंबर सत्त्याऐंशी.
याहून जास्त मला नको, असं मी सांगितलं होतं.
तरी टार्मोनं त्या माणसाचा फोटो पाठवलाच.
खाली एक ओळ: चेहरा भारी आहे, वापर कुठेतरी.

मी तशीच लोकर शोधली, शेंदरी आणि काळी.
तसाच हातमोजा विणला, दिव्याखाली ठेवला
आणि उसवत गेले.
दोन टाके उसवायचे, हात बाजूला, क्लिक.
दोन टाके, हात बाजूला, क्लिक.
सेकंदाला बारा. एकूण आठशे चौसष्ट.
टार्मो खूश. म्हणाला, वा, तपास म्हणजे तरी दुसरं काय!

मग हेल्युची बहीण आली, ऊर्वे,
बेटावरून बोटीनं, पुढे बसनं, संमतीच्या कागदावर सही करायला.
कोट काढला नाही. खुर्ची दिली तर तिच्यावर पिशवी ठेवली.
उभ्यानंच पाहिलं सगळं, मग विचारलं,
हे कोण उसवतंय?

कोणी नाही, मी म्हटलं. म्हणजे, मीच.

हेल्यु कधी उसवायची नाही, ती म्हणाली.
टाका गळला तरी तशीच पुढे.
आईशी भांडणं व्हायची त्यावरून.
हे बघा, फोटोत, मनगटाकडून नववी ओळ,
शेंदरीच्या जागी काळा टाका.
तुमच्यात ती चूक नाही.

नव्हती. माझ्या हातांनी मला न विचारता
ती दुरुस्त करून टाकली होती.

आणि अंगठा?
अंगठा शेवटी विणतात, ती म्हणाली,
शाळकरी पोरीला सांगावं तसं.
तोवर तिथले टाके दुसऱ्या धाग्यावर ठेवायचे,
कुठल्याही, घरात असेल त्या.
आमच्याकडे पांढरा होता.

मी फोटो मोठा केला. होता.
पंधरा टाके, एका पांढऱ्या धाग्यावर.
खोक्याच्या यादीत त्याची नोंद नाही.

त्या रात्री पुन्हा विणला, चुकीसकट.
पुन्हा उसवला आठशे चौसष्ट वेळा,
आणि फिल्म उलटी चालवली.
आता धागा कुठूनसा येतो,
मनगट उभं राहतं, नवव्या ओळीत अडखळतं,
थांबत नाही.
हात दिसत नाहीत. धुकं नाही. चेहरा नाही.
सोळा नावं बसवायची होती मधल्या जागेत,
निर्माता, संकलक, ध्वनी, कायदेशीर सल्लागार.
तिचं नाव त्यांत नव्हतं. ती कामावर नव्हती.

यात गुन्हा कुठंय? टार्मोनं विचारलं.
वाहिनीला अंगठा दाखवतेस?
हो, म्हटलं. नसलेला.
तो हसला नाही. पण पाठवलं त्यानं.

पहिला भाग ऊर्वेकडे बसून पाहिला.
राईचा पाव, धुरावलेली मासळी, आवाज बारीक,
रिमोट जावयाच्या हातात.
पाचव्या सेकंदाला उजव्या कोपऱ्यात
एक चौकोन उगवला: सुरुवात वगळा.
नेमका तिथं, जिथं पांढरा धागा येणार होता.
जावयाचा अंगठा सवयीनं बटणावर गेला.

ऊर्वेनं पडद्यावरून नजर न हलवता
त्याचा अख्खा हात आपल्या हातात घेतला
आणि ओठ हलवत
टाके मोजत राहिली.