डोक्याचा घेर

भिशीचा नंबर लागला ऑगस्टात
आणि मी फ्रिज घेतला नाही.

जैसलमेर. तीन दिवस, दोन रात्री,
त्यातली एक सकाळ डर्ट बाइकवर.
टूरवाल्या पोराने फोनवर विचारलं,
रायडर कोण, मॅडम? मिस्टर?
मी म्हटलं, मीच.
थोडा वेळ फक्त त्याच्या ऑफिसचा पंखा ऐकू आला.

मग फॉर्म.
उंची. वजन. (इथे तीन किलो मी खाडीत सोडले.)
बुटाचा नंबर. डोक्याचा घेर.
टेप कपाळावरून मागे नेली तेव्हा लक्षात आलं,
चव्वेचाळीस वर्षांत या डोक्याचं माप
कुणी घेतलंच नव्हतं.
ब्लाउजची मापं आहेत,
नेरूळच्या दोन शिंप्यांच्या वहीत, तारखेसकट.

पूर्वानुभव?
लिहिलं: अ‍ॅक्टिवा, एकोणीस वर्षं.
करावे ते तुर्भे, तुर्भे ते करावे,
मागे मुलगी, पायाशी कोळंबीची पाटी,
उड्डाणपुलाखालचे सगळे खड्डे तोंडपाठ.
ओळ संपली. अनुभव उरला.

तुर्भ्याचा रज्जाक स्पॅनर पुसत म्हणाला,
ताई, वाळूत खाली बघायचं नाही,
जिथे बघाल तिथे जाल.
पुढचा ब्रेक आहे हेच विसरा.
चाक डुलणार. डुलू द्या.
घाबरून गॅस सोडलात की बसलीच गाडी.
मी मान डोलावली,
डॉक्टरसमोर डोलावते तशी,
घरी पोचेपर्यंत विसरायला.

उलव्यात एका अर्ध्या टॉवरमागे
ढीग हेरून ठेवला होता.
रविवारी रज्जाकची जुनी गाडी काढली
आणि पहिल्याच चढावर दोघी आडव्या.
सायलेन्सरने पोटरीवर सही केली,
रुपयाएवढी.
वॉचमन काठी घेऊन धावत आला,
जवळ आल्यावर हसायलाच लागला.
ही वाळू कुठे बाई, हा तर दगडाचा चुरा. मशीनचा.

नाव पेमाराम.
गाव बाडमेरच्या पुढे, बस संपते
तिथूनही चालत पुढे.
उकिडवा बसून काठीने
त्याने चुऱ्यात रेघा काढल्या, वारा कुठून येतो त्या.
आमची वाळू पहाटे दवाने धरलेली असते,
दहानंतर कुणाची नसते.
उजाडताना जा.
पाणी सांगतील त्याच्या दुप्पट घे.
आणि बूट रोज झटक, नाहीतर वाळू घर करते.
मग जरा थांबून,
पैसे देऊन चाललीस?
मी आकडा सांगितला.
तो त्याचा दीड महिना निघाला.
आम्ही दोघं बराच वेळ ढिगाकडे बघत राहिलो.

आई म्हणते, वालू बगाला एवरं पैसं?
तिचे तळवे मिठागरात भाजले होते,
आज जिथे कुणाच्या तरी गाड्या उभ्या असतात तिथे.
पांढरं, सपाट, पापण्या जड करणारं ऊन
तिने मजुरी घेऊन बघितलंय.
तिला काय सांगणार?
नुसतं म्हटलं, तिकडे चढउतार असतो आई.
हूं, म्हणाली,
आणि रात्री जुन्या गोधडीतून
गुडघ्यांना बांधायच्या दोन जाड पट्ट्या शिवल्या.
एक घट्ट बसते. दुसरी घसरते.

एक रकाना अजून कोराच आहे:
अपघात झाल्यास कुणाला कळवावे.
मुलीचा फोन सायलेंटवर असतो.
आई फोन उलटा धरते.
पेन्सिलीने दोनदा लिहून खोडलंय,
कागद तिथे पातळ झालाय.

जानेवारी लांब आहे.
तोवर सीवूड्सच्या सिग्नलला
मी अ‍ॅक्टिवावर उभी राहते,
गुडघे किंचित वाकवून, कोपरं बाहेर,
नजर थेट पारसिकच्या डोंगरावर.
शेजारचा रिक्षावाला वाकून विचारतो,
काकू, काही पडलं का?

अजून तरी नाही, म्हणते मी,
आणि हिरवा लागतो.