उणे बाराशे ऐंशी

युलो निवृत्त झाला तेव्हा
अर्धा डबा बिस्किटं, एक कान तुटलेला कप
आणि एकशे बारा ओळींची एक फाइल
माझ्या हवाली करून म्हणाला,
"कोणी काहीच सांगितलं नाही
तर खिडकीने कसं वागायचं, ते यात आहे."
मग टोपी कानांवर ओढून
तार्तूच्या बर्फात उतरला.

रुंदी सहाशे चाळीस. उंची चारशे ऐंशी.
शीर्षक दिलं नसेल तर 'अनामिक'.
कडा दिसाव्यात. आकार बदलता यावा.
मिटताना विचारायचं का? नाही.
(या एका 'नाही'वर म्हणे दोन हिवाळे भांडण चाललं.)

प्रोग्राम लिहिणारे घाईत असतात,
नुसती खिडकी मागतात, बाकी आमच्यावर सोडतात.
डिफॉल्ट म्हणजे गृहीत.
घरात ज्याला गृहीत धरतात
त्याची आठवण जेवायला उशीर झाला की होते,
तसंच आमचं.

सहाशे चाळीसच का, मी विचारलं होतं.
"त्याहून मोठी केली की कोपऱ्यातलं घड्याळ झाकायची,
आणि माझी बस सहाची."
कुठल्या कुठल्या देशांत
खिडक्या अजून तेवढी जागा सोडून उघडतात.

मार्चमध्ये हीउमा बेटावरून हेल्दुरचं पत्र आलं.
तो समुद्राच्या पाण्याची पातळी नोंदवतो.
"तुमची खिडकी उघडते, पण दिसत नाही.
खालच्या पट्टीत नाव तेवढं आहे."
मी म्हटलं, सेटिंगच्या फाइलमधला आकडा पाठवा.
आला: उणे बाराशे ऐंशी.

उणे म्हणजे डावीकडे.
डावीकडे अजून एक मॉनिटर असावा लागतो.
होता का?

दोन दिवस काही नाही.
मग एक ओळ:
"होता. लेम्बे फेब्रुवारीत पार्नूला गेली. मॉनिटर तिचाच होता."

खिडकीचं काय चुकलं?
जिथे मिटलीस तिथेच उघड, असं आम्हीच सांगून ठेवलेलं.
सांगकामी बिचारी, रोज सकाळी तिकडेच उघडत होती,
टेबलावर धुळीचा चौकोन उरला असेल त्याच्या वर,
हवेत,
आणि पाणी किती चढलं ते
सेंटीमीटरसकट दाखवत होती
कुणालाच नाही.

चार ओळींचं काम.
उघडण्याआधी बघ, ती जागा अजून आहे का.
नसेल तर आठवण पुसून टाक,
मूळपदावर ये, मधोमध.

लिहून झालं, आणि हात 'पुसून टाक'वर अडला.
ते खोडून लिहिलं, 'बाजूला ठेव'.
तपासताना कायरीने विचारलं,
"ठेवायची कशाला? उगाच दोन ओळी जास्त."
मी म्हटलं, मॉनिटर परत जोडला तर?
तिने माझ्याकडे पाहिलं,
मग खिडकीबाहेर, खऱ्या,
जिच्या दोन काचांमध्ये थंडीसाठी कोंबलेला कापूस
एप्रिल आला तरी कोणी काढला नव्हता.
"बरं," म्हणाली, आणि मंजूर केलं.

हेल्दुरचं शेवटचं पत्र:
"आली. जरा लहान वाटते, पण घड्याळ दिसतं.
डावीकडे मी टोमॅटोची रोपं ठेवली आहेत.
ऊन त्याच बाजूने येतं."

आज फाइल उघडली.
म्हटलं, रुंदी आता आठशे करू,
हल्ली एवढे छोटे मॉनिटर कुणाकडे असतात?
कर्सर चाळिसाच्या शून्यापाशी लुकलुकत राहिला.
कोपऱ्यात सहाला सात कमी.
युलोची बस अजून सुटते,
चौकातल्या त्याच थांब्यावरून.
पळत गेले तर
मलाही मिळेल.