उच्छ्वास

धनकवडीच्या उतारावर, पंक्चरच्या दुकानामागे
दगडचुन्याचा खुजा मनोरा.
पोटावर क्लासची जाहिरात : शंभर टक्के निकाल.
माझ्या वहीत हा सतरावा.

भट्टीची चिमणी असेल, इलाहीभाई म्हणतात.
समोरच्या गुजरबाई शनिवारी तेल घालतात.
मी सांगतो, हा नळाचा उच्छ्वास;
कात्रजचं पाणी पेठांकडे निघालं की
इथं दम खायचं.

"आणि आता?"
कान लावला. दगड तापलेला.
आत पाल सरकली, बहुतेक.

इलाहीभाई ट्यूब घमेल्यात दाबतात,
बुडबुडा कुठून येतो, बघतात.
"म्हणजे हवापाण्याचाच धंदा, आमच्यासारखा."
हात पुसून टेपचं दुसरं टोक धरतात.

सात फूट चार इंच.
लिहा, म्हणतात, आणि खाली
माझ्या दुकानाची खूण घाला,
नाहीतर सापडायचा नाही कुणाला.