मगबानुआची यादी

गुदैबियातल्या आमच्या क्लिनिकच्या पावतीमागे
त्यानं यादी लिहून दिली, पण नावं नाही लिहिली.
नावं विसरशील, म्हणाला, जागा लक्षात ठेव.
एक : निळं कव्हर, दुसरी बाजू, ट्रम्पेट दमल्यावर.

मी तेव्हा त्याच्या डाव्या करंगळीला जेल लावत होते.
बावीस वर्षं हॉटेलांच्या लॉबीत
माणसाहून उंच लाकूड कवेत घेऊन उभा राहिलेला माणूस
आणि दुखणं बोराएवढ्या एका सांध्यात.
"ऐक," म्हणाला, "म्हणजे कळेल
तू काय दुरुस्त करतेयस."

मी कुडाळची. माझ्या कानांना सवय वरच्याची :
पेटी, टाळ, भजनात पुढे बसणाऱ्यांचे चढे आवाज.
डबल बास नेमका कुठला, हे शोधायला
पहिल्या रात्री तीनदा मागे गेले.
ट्रम्पेट होता, ड्रमवर ब्रश होते
सुपात तांदूळ हलवल्यासारखे,
तो कुठेच नव्हता.
चौथ्यांदा एसी बंद केला.
जुलैत. मनामात. एसी बंद.
हनुवटीवरून घाम टपकला तेव्हा सापडला,
वाजत नव्हताच तो, चालत होता,
खालच्या मजल्यावर कुणी अनवाणी
दिवा न लावता पाण्याला उठावं तसा.

दोन : लहान खोली, तिघंच जण.
लोक ग्लास ठेवतात, तेही ऐक.
चौथ्या मिनिटाला पियानो हात काढून घेतो,
तिथे घाबरू नकोस.

घाबरलेच.
सगळे उठून गेल्यावर उरलेला तो खर्ज
बोलायला लागला, मध्येच थांबला,
तारेवरून बोट सरकल्याची खरखर आली
आणि मी सवयीनं मनात नोंद केली :
तर्जनी बरी, मधलं बोट बरं,
मनगट जरा जास्तच वाकवतोय हा.

तीन : गजानं वाजवलेलं. हे एकटीनं ऐकू नको.

गुरुवारी दोन पेशंट आले नाहीत.
रिसेप्शनवरच्या बदरियाला एक इअरफोन दिला, एक मी घेतला.
ती बराच वेळ नखाकडे बघत बसली, मग म्हणाली,
माझे आजोबा मोत्यांच्या होडीवर होते, मुहर्रकला.
एक जण वर गायचा. बाकीचे घशातून
एकच सूर धरून ठेवायचे, इतका खाली
की मला वाटायचं, आजोबांच्या पोटात समुद्र राहिलाय.
गाणाऱ्याचं नाव सगळ्या गावाला ठाऊक.
खालच्यांची नावं त्यांच्या बायकांना.
मग फोन वाजला आणि ती अरबीत
कुणाच्या तरी गुडघ्याची वेळ ठरवू लागली.

सप्टेंबरात मी मगबानुआला सांगितलं,
आता उभं राहून रोज चार तास, नाही जमणार.
तो करंगळीकडे बघून हसला, जणू
ती त्याच्याआधी नोकरी सोडून गेली.
"चौथं ऐकलंस?"

चार : वाईट आहे. तरी ऐक.
सॅक्सोफोन बेसूर, ड्रमर घाईत,
कव्हर हरवलंय, कोण वाजवतंय विचारू नकोस.

फाइल त्यानं फोनवर पाठवली, इलोइलोच्या विमानात बसण्याआधी.
सुरुवातीला माइकवर कुणीतरी
नव्या वर्षाच्या शुभेच्छा देतं, दोन हजार बारा,
टाळ्या, चमचे, एक मूल रडतं.
सॅक्सोफोन खरंच वाईट.
ड्रमर विमान चुकत असल्यासारखा.
आणि खाली एक जण, न रागावता,
दोघांनाही हाताला धरून रस्ता ओलांडून नेतो.

तिसऱ्यांदा ऐकताना पकडलं :
वरच्या सुराला जाताना त्याची करंगळी
केसभर उशिरा पडते. प्रत्येक वेळी. केसभरच.
बाकी कुणाला ऐकू येणार नाही.
मी ती करंगळी कोनमापकानं मोजलीय.

सकाळी फाइल काढली.
'दुखणे किती दिवसांपासून' यापुढे
माझ्याच अक्षरात होतं : सहा महिने, रुग्ण सांगतो त्याप्रमाणे.
ते खोडलं.
बाजूला वर्ष लिहिलं.